उपासना: औषध कीं संसार?

मिरजेहून पंढरपुरास जाणारी आगगाडी कवठे महांकाळावरून जाते. एके काळीं ती बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून चाले. आतां रुळ रुंद झाले आहेत, पण वाट तीच आहे. तिच्या एका टोकास विठोबाची पंढरी, तर दुसऱ्या टोकास डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं उघडलेल्या मिशन इस्पितळाचें गांव. कवठ्याच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या दुःखी मनुष्यानें आपलें दुःख घेऊन कोणत्या दिशेस जावें? प्रश्न वरवर गमतीचा आहे. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचें वाङ्मय वाचतांना तो आमच्या मनांत वारंवार येतो. कारण भजन आणि शुश्रूषा हीं दोन्ही टोकें या दांपत्यानें एका घरांत आणिलीं.

अलीकडे मनाच्या जखमेवर उपासना हा उपाय सांगण्याची चाल पडली आहे. प्रार्थनेनें चित्त स्थिर होतें, गायनानें ओझें हलकें होतें, हें खरेंच. परंतु दुखणें ओसरल्यावर बाटली फळीवर ठेवावी, तशी उपासनाही ठेवून द्यावयाची काय? औषध म्हणून घेतलेली उपासना आणि संसार म्हणून पत्करलेली उपासना यांत अंतर आहे, आणि तें अंतर टिळक दांपत्याच्या ग्रंथांइतकें स्पष्ट आम्हांस अन्यत्र क्वचितच दिसलें.

टिळकांची मोठी कामगिरी भाषेची आहे. परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें गाणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीस त्यांनीं अभंग, ओवी व कीर्तन दिलें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्यांचीं पदें मराठी देवालयांत आजही गाइलीं जातात, याचें कारण उघड आहे. दुःखी मनुष्यास रडण्यापूर्वीं चाल शिकावी लागूं नये. ती त्याच्या आईच्या जात्यावरचीच असावी. मात्र एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. टिळकांच्या कांहीं पदांत सांत्वन फार लवकर येतें. पहिल्या चरणांत व्याकुळ झालेला जीव शेवटच्या चरणांत निश्चिंत होतो. गाणाराचें दुःख इतक्या त्वरेनें चालत नाहीं. तें मागें राहतें, आणि पद पुढें निघून जातें.

हें मागें राहिलेलें दुःख लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त सांपडतें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या शोधास त्या दिवशीं विसांवा मिळाला. त्याच दिवसानें पत्नीचें घर मोडलें. पुढें कित्येक वर्षें ताटातूट झाली. ज्या उपासनेनें एकाचें मन भरून आलें, तिनेंच दुसऱ्याच्या मनावर घाव घातला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या या ग्रंथांत बाईंनीं ही गोष्ट लपविली नाहीं. पतीस देवही केलें नाहीं आणि दोषीही ठरविलें नाहीं. हाच आमच्या मतें त्यांच्या श्रद्धेचा सर्वांत भरंवशाचा पुरावा होय.

त्या पतीकडे परत आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहींत. सोंवळें सांभाळून, वेगळी चूल मांडून राहिल्या. जातिभेद मनुष्यानें केला, देवानें नव्हे, हें त्यांस वादविवादांत पटलें नाहीं. स्वतःशीं विचार करतां करतां पटलें. मग पाण्याचा विटाळ गेला, पानांतला गेला, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा झाला. पुढें पोरकीं मुलें घरांत आलीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा आली. त्यांची उपासना स्वयंपाकघरांतून आणि रोग्याच्या उशापासून वाढलेली आहे. अमुक दिवशीं मन बरें झालें असें त्या कोठेंच सांगत नाहींत; वाचकासच कांहीं पानांनंतर उमगतें कीं, बाई आतां स्वतःच्या फजितीवर मोकळ्या मनानें हंसूं लागल्या आहेत.

येथें कोणी म्हणेल, हें उपासनेचें फळ कशावरून? काळ आणि काम यांनींही मन सांधतें. आक्षेप रास्त आहे. त्यावर आमचें उत्तर इतकेंच कीं, काळ दुःख बोथट करितो. परंतु ज्या गोष्टीनें आपणांस दुखविलें तिलाच आपलें जीवितकार्य करावयास काळ शिकवीत नाहीं. टिळकांनीं आरंभिलेलें व १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. त्यांच्या मागें १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. काव्य म्हणून तें सर्वत्र सारखें सरस नाहीं. कथेच्या ओघांत पुष्कळ ओव्या केवळ पुढें सरकण्यासाठींच आल्या आहेत. परंतु नवऱ्याचा जो देव आपल्या संसाराचा वैरी वाटला होता, त्याचेंच चरित्र ही बाई म्हातारपणीं ओवी ओवी करून लिहीत बसली, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ग्रंथाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते.

टिळकांनींही १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांस एका बंधुभावांत गोंवण्याचा तो यत्न होता. उपासना देवालयांत मावेना, म्हणून त्यांनीं ती घराबाहेर नेली. पत्नीनें ती घरांत मुरविली.

म्हणून ज्यांस सांत्वन हवें आहे त्यांनीं टिळकांचीं पदें अवश्य गावीं. परंतु त्यांच्याशेजारीं 'स्मृतिचित्रें' उघडीं ठेवावींत. पद धीर देतें. तो धीर रोजच्या चुलीपाशीं किती वर्षें पुरवावा लागतो, हें तीं सांगतात.