अंगठा आणि पत्र : ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाचे एक वाचन

ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क व समान संधी आयोगाने सिद्ध केलेला ‘ब्रिंगिंग देम होम’ हा अहवाल २६ मे १९९७ रोजी तेथील संसदेपुढे ठेवण्यात आला. सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्या नेतृत्वाखाली ही चौकशी झाली. आदिवासींची व टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांची मुले सरकारी सत्तेने आईबापांपासून तोडून संस्थांत, मिशनांत आणि गोऱ्या कुटुंबांत कशी ठेवली गेली, हा तिचा विषय. आयोगापुढे ७७७ निवेदने आली. त्यांपैकी ५३५ आदिवासी व्यक्तींची वा संस्थांची होती. सुमारे १९१० ते १९७० या काळात दहांत एक ते तिघांत एक या दरम्यानच्या प्रमाणात मुले बळाने नेली गेली, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि ५४ शिफारशी केल्या. या अहवालाची चर्चा बहुधा कायद्याच्या अथवा पक्षीय राजकारणाच्या अंगाने होते. आम्ही तो ग्रंथ म्हणून वाचू इच्छितो; म्हणजे त्यातील शब्द कोणाचे, ते कोणी लिहून घेतले आणि कोणाच्या कपाटात राहिले, हे पाहू इच्छितो. ज्यांचे बालपण हिरावले गेले त्यांच्या जखमा भरून येण्याचा प्रश्न याच प्रश्नाशी बांधलेला आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम शासनाची भाषा पाहावी. ज्या अधिकाऱ्याच्या आज्ञेने मूल नेले जाई त्याचे पदनाम ‘संरक्षक’ असे होते. न्यू साउथ वेल्समधील १९०९ चा कायदाही नावाने संरक्षणाचाच. १९१५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि मुलाच्या नैतिक वा शारीरिक हितासाठी आवश्यक वाटले एवढ्यावरून, न्यायालयात न जाता, मूल ताब्यात घेण्याचा अधिकार मंडळास मिळाला. ताब्यात घेण्याचे कारण नोंदविण्यासाठी कागदावर जागा राखलेली असे. इतिहासकार पीटर रीड यांनी या नोंदी चाळल्या तेव्हा काही अधिकाऱ्यांनी तेथे मूल आदिवासी आहे एवढेच कारण लिहिलेले त्यांना आढळले. पश्चिम ऑस्ट्रेलियात ए. ओ. नेव्हिल हे १९१५ पासून १९४० पर्यंत, प्रथम मुख्य संरक्षक व पुढे आयुक्त या नात्याने, या कारभाराचे प्रमुख होते. मिश्र संततीची मुले वेगळी काढावीत आणि काही पिढ्यांत त्यांचा वर्ण व वंश गोऱ्या समाजात विरून जावा, ही त्यांची उघड भूमिका होती. १९३७ च्या कॅनबेरा परिषदेने ती धोरण म्हणून स्वीकारली. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणारी भाषा आमच्या वाचकांस अपरिचित नाही. येथे विशेष एवढाच की, ती दयेच्या शब्दांत लिहिली गेली.

या भाषेला पहिले खरे उत्तर एका शब्दाने दिले. रीड यांनी १९८१ साली या विषयावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचे आधी योजलेले नाव ‘हरवलेल्या पिढ्या’ अशा अर्थाचे होते. छापताना ते ‘चोरलेल्या पिढ्या’ असे झाले. मराठीत हा भेद चटकन कळावा. हरवलेले मूल म्हटले की जत्रेतील गर्दीत आईचे बोट सुटलेले मूल डोळ्यांपुढे येते. त्यात दोष कोणाचाच नसतो. चोरी म्हटली की चोर आला, मालक आला आणि परत करण्याचे देणेही आले. म्हणूनच या शब्दावर पुढे एवढा राग निघाला. एप्रिल २००० मध्ये तत्कालीन मंत्री जॉन हेरन यांनी सिनेटच्या समितीपुढे शासनाच्या वतीने असे प्रतिपादन केले की, दहांत एकाहून अधिक मुले नेली गेली नाहीत, सबब त्यास ‘पिढी’ म्हणता येत नाही. शब्दकोशाचा असा उपयोग आम्ही क्वचितच पाहिला आहे. दहांतील एक मूल गेले तरी उरलेली नऊ पोलिसांची गाडी दिसताच झुडपांत पळतात, हे त्या गणितात धरलेले नव्हते.

अहवालाचे मोठेपण त्याच्या रचनेत आहे. साक्षीदारांचे बोलणे आयोगाने सारांशात विरघळवले नाही. ते त्यांच्याच तुटक वाक्यांत, पुनरुक्तीसह, पानोपान येऊ दिले. सरकारी अहवालात असे क्वचित घडते. तेथे बोलणारा बहुधा ‘प्रकरण’ होऊन जातो. साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. तो आम्हांस तितकासा पटत नाही. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आणि न्यायालयात या साक्षींचे काय होते ते पुढे दिसेलच. आमचा आक्षेप वेगळा आहे. गोपनीयतेसाठी साक्षीदारांची नावे गाळून त्यांस क्रमांक दिले गेले. हे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु न्यू साउथ वेल्समधील किंचेला येथील मुलग्यांच्या संस्थेत, १९२४ ते १९७० या काळात, मुलांना नावाऐवजी क्रमांकानेच हाक मारली जात असे. त्याच माणसांनी प्रथमच तोंड उघडले आणि पुन्हा एक क्रमांक वाट्यास आला. या विसंगतीवर अहवालाने दोन ओळी तरी खर्चावयास हव्या होत्या.

हीच उणीव डोरिस पिल्किंग्टन यांच्या १९९६ च्या ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ या पुस्तकाने भरून काढली आहे. १९३१ साली त्यांची आई मॉली आणि दोन लहान मुली, ग्रेसी व डेझी, यांना जिगालाँग येथून मूर रिव्हरच्या वसाहतीत नेण्यात आले. तिघी पळाल्या आणि सशांना अडविण्यासाठी बांधलेल्या कुंपणाच्या कडेने सुमारे १६०० किलोमीटर चालत निघाल्या; मॉली व डेझी घरी पोहोचल्या. लेखिकेने आई व मावशीची आठवण आणि सरकारी टपालातील मजकूर शेजारी शेजारी मांडले आहेत. एकीकडे पायांनी मोजलेले अंतर, दुसरीकडे कचेरीने खर्चाचा लावलेला हिशोब. २००२ साली फिलिप नॉइस यांनी त्यावर केलेला चित्रपट जगभर पाहिला गेला. त्यात घरी परतण्याचा आनंद मोठा आहे, आणि तोच त्याचा धोका आहे. कारण मॉलीला १९४० मध्ये तिच्या दोन मुलींसह पुन्हा तेथेच नेण्यात आले. पुढच्या वर्षी ती पुन्हा पायी निघाली, धाकटीला कडेवर घेऊन. मोठी, म्हणजे स्वतः लेखिका, मागे राहिली आणि आईला पुन्हा भेटण्यास तिला एकवीस वर्षे लागली. धाकटीही पुढे नेली गेली. ‘घरी आणणे’ हे अहवालाचे शीर्षक वाचताना हे ध्यानी ठेवावे. ज्या घरी आणावयाचे ते घर थांबून राहिलेले नसते.

आता दोन कागदांकडे वळू. २००० सालच्या ऑगस्टमध्ये संघीय न्यायालयाने लॉर्ना क्युबिलो आणि पीटर गनर यांचे केंद्र सरकारविरुद्धचे दावे फेटाळले. गनर यांना १९५६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतील वस्तीवरून ॲलिस स्प्रिंग्जच्या वसतिगृहात नेले होते. सरकारच्या दप्तरात पालकाच्या संमतीचा एक इंग्रजी अर्ज निघाला. त्यावर गनर यांच्या आईचा म्हणून एक अंगठा होता. तो अंगठा तिचाच होता का, आणि कागदावरील इंग्रजी तिला कोणी समजावून सांगितले का, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. तरीही तिने अंगठा उठवला नाही अथवा तिला तो मजकूर कळला नाही, असे गृहीत धरण्यास आधार नाही, अशी भूमिका न्यायमूर्तींनी घेतली. क्युबिलो यांच्या बाबतीत तर असा कागदच नव्हता. परंतु साक्षीदार मेले, नोंदी गहाळ झाल्या, त्यामुळे सरकारला बचाव करणे अवघड झाले, असे मानले गेले. कागद असणे वादीच्या विरुद्ध गेले आणि कागद नसणेही.

दुसरा कागद दक्षिण ऑस्ट्रेलियातील. १९५७ च्या नाताळच्या दिवशी तेरा महिन्यांच्या ब्रूस ट्रेव्होरो यास पोटाच्या विकारामुळे ॲडलेडच्या बालरुग्णालयात दाखल केले गेले. काही दिवसांतच संरक्षण मंडळाने ते मूल आईबापांस न कळविता एका गोऱ्या कुटुंबाकडे सोपविले. जुलै १९५८ मध्ये आईने मंडळास पत्र लिहून बाळ कसे आहे, घरी कधी नेता येईल, असे विचारले. बाळ सुधारत आहे, परंतु डॉक्टरांना त्यास आणखी काही काळ ठेवावे लागेल, असे उत्तर तिला गेले. ते मूल तेव्हा कित्येक महिन्यांपासून रुग्णालयात नव्हतेच. हे पत्र आणि हे उत्तर दोन्ही दप्तरात टिकली. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायमूर्ती ग्रे यांनी ट्रेव्होरो यांस ५,२५,००० डॉलर भरपाई मंजूर केली. अशा दाव्यात न्यायालयात मिळालेले हे पहिले यश. ट्रेव्होरो पुढच्याच वर्षी, जून २००८ मध्ये, वारले. त्यांचे वय ५१ होते.

दोन आयांमध्ये दुःखाचा भेद नव्हता. एकीला लिहिता येत होते आणि तिच्या पत्राला खोटे उत्तर देण्याची चूक एका कारकुनाने केली होती, एवढाच भेद. पाली विनयाचा अभ्यास करणाऱ्यास येथे महावग्गातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदन आपले दुःख बोलून दाखवितो आणि आईबापांच्या अनुज्ञेवाचून पुत्रास प्रव्रज्या देऊ नये असा नियम होतो. तेथे अनुज्ञेचे मूल्य बापाच्या दुःखातून सिद्ध होते. अर्जावरील अंगठ्यात दुःखाला जागाच नाही. नकार द्यावयाचा तर तो कोठे उमटवावा, हे त्या कागदात सांगितलेले नाही.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमायाचना केली. त्यापूर्वी १९९९ च्या ठरावात जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने खेद व्यक्त केला होता; क्षमा मागणे कटाक्षाने टाळले होते. येथेही एक भाषिक मुद्दा आहे. आदिवासींच्या इंग्रजीत ‘सॉरी’ हा शब्द मृत्यूनंतरच्या दुखवट्यासाठी वापरतात. तेव्हा ऐकणाऱ्यांना पंतप्रधानांच्या तोंडून केवळ अपराधाची कबुली नको होती. दुखवट्यास येऊन बसणारा मनुष्य हवा होता. रड यांच्या भाषणाने ते काही अंशी साधले, हे मान्य केले पाहिजे. भरपाईची शिफारस मात्र त्यांनीही स्वीकारली नाही.

‘हीलिंग’ या शब्दासाठी ‘उपचार’ हा प्रतिशब्द आम्ही जाणूनबुजून टाळतो. उपचार म्हटला की पीडित रोगी ठरतो आणि सरकार वैद्य. १९९७ च्या अखेरीस सरकारने चार वर्षांसाठी ६.३ कोटी डॉलर जाहीर केले, त्यातील दृष्टी काहीशी अशीच होती : समुपदेशक मिळेल, भरपाई नाही. मराठीत जखम ‘भरून येते’; ती आतून भरते, बाहेरच्याने फक्त तिला पुन्हा धक्का लावू नये. पीटर रीड आणि स्वतः कुटुंबापासून तोडल्या गेलेल्या कोरल एडवर्ड्स यांनी १९८० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सुरू केलेल्या ‘लिंक-अप’ या संस्थेचे काम असेच आहे. जुन्या नोंदी शोधणे, नातेवाइकांचा माग काढणे, पहिल्या भेटीस सोबत जाणे. पुष्कळदा आई हयात नसते; मग भेट कबरीशी होते, आणि तीही भेटच धरली जाते. किंचेलाच्या मुलग्यांनी, आता म्हाताऱ्यांनी, स्वतःची संस्था काढली. लादलेला क्रमांक ते आज स्वतःच्या इच्छेने नावापुढे लावतात. तो आता एकमेकांना ओळखण्याची खूण झाला आहे. ज्याचा अपमान त्यानेच त्या अंकाचा अर्थ बदलणे, हे कोणत्याही समुपदेशकाच्या हातचे नव्हते.

२००९ साली स्थापन झालेल्या ‘हीलिंग फाउंडेशन’ने दाखविलेली एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ही सारी मुले आता वृद्ध आहेत आणि वृद्धाश्रमाची वेळ आली की त्यांना पुन्हा संस्थेत जावे लागते. तीच ओळीने लावलेली खाटांची रांग, ठरल्या वेळेचे जेवण, दुसऱ्याच्या हातातली किल्ली. म्हणून या संस्थेने डॉक्टर, दंतवैद्य आणि वृद्धसेवेतील कर्मचारी यांच्यासाठी माहितीपत्रके काढली. एखादी वृद्धा रुग्णालयाच्या दारातून मागे का फिरते, हे त्यांना कळावे, हा हेतू. हे क्षुल्लक नाही. ट्रेव्होरो यांचे हरण रुग्णालयातूनच झाले होते.

भरपाई आली, परंतु राज्याराज्याने आणि हळूहळू : टास्मानियात २००६ च्या कायद्याने ५० लाख डॉलर, न्यू साउथ वेल्समध्ये २०१७ पासून प्रत्येकी ७५,००० डॉलर, केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेशांसाठी २०२२ पासून, पश्चिम ऑस्ट्रेलियाची घोषणा थेट २०२५ मध्ये. ज्या मॉलीच्या चालण्यावर चित्रपट निघाला ती २००४ मध्ये आणि तिची लेखिका मुलगी २०१४ मध्ये वारली. २०२५ च्या आरंभी हीलिंग फाउंडेशनने १९९७ च्या शिफारशींचा आढावा घेतला. उपकलमांसह त्या ८३ भरतात. त्यांपैकी स्पष्टपणे अमलात आलेल्या केवळ पाच. त्या आढाव्याचे शीर्षक ‘आम्ही मरण्याची वाट पाहता काय?’ असे आहे. १९९७ मध्ये शासकीय संगोपनात ठेवलेल्या मुलांपैकी सुमारे एकपंचमांश आदिवासी होती. आता हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. त्या मुलांच्या धारिका आजही लिहिल्या जात आहेत, आणि त्यांत आईचे म्हणणे कोणत्या भाषेत, कोणाच्या हाताने नोंदले जाते, हे पाहणारा आयोग नेमला गेलेला नाही.