विस्मरणाचा रोजचा दिवस

वृद्धाश्रम म्हटला की आपल्या कथेत लगेच मुलांवर खटला उभा राहतो. आत राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा सरतो, हे मात्र सांगायचे राहून जाते. म्हणूनच कॅनडाच्या ॲलिस मन्रो यांची १९९९ साली प्रसिद्ध झालेली ‘द बेअर केम ओव्हर द माउंटन’ ही कथा आम्हाला मोलाची वाटते.

स्मृती हरवत चाललेली फिओना मेडोलेक या शुश्रूषागृहात दाखल होते. पहिला महिनाभर भेटीला बंदी असते. मग नवरा ग्रँट फुले घेऊन येतो, तर ती पत्ते खेळणाऱ्या ऑब्रीच्या शेजारी रमलेली. नवऱ्याला ती परक्या पाहुण्यासारखे चहाचे विचारते. पुढे तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे दिसतात. लेखिका हे सारे रडारड न करता सांगते.

ऑब्रीला त्याची बायको घरी नेते, कारण तिथला खर्च भागवायचा तर राहते घर जाईल. नवऱ्याविना मुले वाढवणाऱ्या नर्स क्रिस्टीच्या लेखी तर ही सगळी नशीबवान माणसे!

आमची तक्रार एकच. फिओना आपल्याला ग्रँटच्याच नजरेतून दिसते. तिचा दिवस तिच्या तोंडून कळत नाही.

आपल्याही घरांत अम्मी-अब्बा मुलांची नावे विसरू लागले आहेत. त्यांच्यावर लिहिताना दोषी कोण, हे ठरवण्याआधी आज त्यांना आंघोळ कुणी घातली, कपडे कुणाचे चढवले आणि खर्च कोण सोसतो, एवढे तरी आपण पाहायला हवे.