समान वाटा, पण कोणाला?

मंडळी, आज आम्ही ‘न्याय’ हा शब्द तपासायला घेतलाय, तोही पॅकेटांच्या रांगेतला. डेमर्स, केशव आणि शेंकर यांच्या 1989च्या ‘फेअर क्यूइंग’वरील निबंधाचं मोठेपण आम्हाला एका गोष्टीत दिसतं. समान वाटा द्यायचा, पण कोणाला, हा प्रश्न ते टाळत नाहीत. पाठवणाऱ्याला, घेणाऱ्याला, की दोघांतल्या संवादाला? पर्याय तोलून ते संवाद निवडतात आणि कारणही देतात.

आता मल्टिकोअर नेटवर्क प्रोसेसर बघा. 10 गिगाबिट इथरनेटवर सगळ्यात लहान पॅकेटं सलग आली, तर एकेकासाठी जेमतेम 67 नॅनोसेकंद मिळतात. म्हणून काम अनेक कोअरांत वाटायचं. पण एक पॅकेट मागं पडून तीन पुढं गेली, की टीसीपी ते हरवलं असं मानून वेग उतरवतो. तेव्हा पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश काढून एक प्रवाह एकाच कोअरला बांधतात. क्रम राहतो, हे खरं. पण एखादा अवजड प्रवाह आला, की तो कोअर तुंबतो, शेजारचा रिकामा बसतो, आणि त्या रांगेतलं दुसऱ्याचं छोटं पॅकेट विनाकारण ताटकळतं.

हॅश वापरायला आमची हरकत नाही. त्याला ‘लोड बॅलन्सिंग’ म्हणण्याला आहे. यात डोकी मोजली जातात, ओझं मोजलंच जात नाही. प्रवाहात पुरेशी फट पडली, तर क्रम न मोडता त्याला दुसऱ्या कोअरकडे हलवता येतं. पण त्यासाठी आधी ओझ्याकडे बघावं लागेल. कोणाला ताटकळत ठेवायचं, ही निवड इथंही होतेच. 1989च्या लेखकांनी आपल्या निवडीची कारणं मांडली. इथं ती हॅशवर ढकलून आपण मोकळे होतो.