ब्लूज वाद्यवृंद आणि आध्यात्मिक जीवन : थॉमस डॉर्सी यांच्या संदर्भात

थॉमस अँड्र्यू डॉर्सी (१८९९–१९९३) यांचा उल्लेख आफ्रिकन-अमेरिकन धर्मसंगीताच्या इतिहासात 'गॉस्पेल संगीताचे जनक' असा केला जातो. त्यांच्या चरित्राची मांडणी मात्र बहुधा एका ठरावीक साच्यात होते. तारुण्यात 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजविणारा, द्व्यर्थी गीते रचणारा कलावंत. पुढे आजार, पत्नीवियोग आणि पश्चात्ताप. अखेरीस चर्चच्या सेवेला वाहिलेले आयुष्य. पापाकडून पुण्याकडे नेणारी ही कथा ऐकावयास सोयीची आहे. परंतु सनावळी तपासली असता ती टिकत नाही. शिवाय ब्लूजच्या वाद्यवृंदात वादकाला जे शिकावे लागते, त्याचा आध्यात्मिक जीवनाशी असलेला संबंधही ती झाकून टाकते.

डॉर्सी यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका येथे झाला. वडील फिरते धर्मोपदेशक होते व आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. १९२१ साली शिकागो येथील बॅप्टिस्ट अधिवेशनात एका गायकाचे गायन ऐकून ते भारावले आणि त्यांनी धर्मगीते रचावयास घेतली. तथापि १९२४ साली ते मा रेनी या थोर ब्लूज गायिकेच्या 'वाइल्ड कॅट्स जॅझ बँड'चे पियानोवादक व संचालक झाले. १९२६ पासून सुमारे दोन वर्षे त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले. एका बिशपच्या प्रार्थनेने आपण बरे झालो, असे ते पुढे सांगत. पण १९२८ मध्येच टँपा रेड यांच्यासह त्यांनी 'इट्स टाइट लाइक दॅट' हे उघडउघड चावट गीत ध्वनिमुद्रित केले व ते अमाप खपले. म्हणजे दोनदा 'परिवर्तन' झाले आणि दोन्ही वेळा ते ब्लूजकडे परतले. यास मनाचा दुबळेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु दोन्ही प्रवाह त्यांच्या ठायी सतत एकत्र वाहत होते, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक ठरते.

या एकत्रपणाची सैद्धांतिक मांडणी जेम्स कोन यांनी 'द स्पिरिच्युअल्स अँड द ब्लूज' (१९७२) या ग्रंथात केली. ब्लूज हे ऐहिक भाषेतील धर्मगीतच असून दोहोंच्या मुळाशी गुलामगिरी व वंशभेद सोसलेल्या समाजाचा एकच अनुभव आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मोलाचे असले तरी कोन यांची दृष्टी मुख्यतः गीतांच्या शब्दांवर खिळलेली राहते. धर्मशास्त्रज्ञाला शब्द जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु ब्लूज हे आधी वाजविण्याचे व नाचण्याचे संगीत आहे. अल्बर्ट मरे यांनी 'स्टॉम्पिंग द ब्लूज' (१९७६) मध्ये हा मुद्दा नेमका पकडला. शनिवार रात्रीचा नाच व रविवार सकाळची उपासना यांकडे ते एकाच समाजाचे दोन विधी म्हणून पाहतात. मात्र मरे यांचे लक्ष नाचणाऱ्या समुदायाकडे अधिक आहे. वाद्यावर बसलेल्या माणसाच्या आतील घडणीचा विचार तेथेही अपुराच राहतो.

ती घडण समजण्यासाठी ब्लूजची रचना पाहणे आवश्यक आहे. प्रचलित ब्लूजचे एक आवर्तन बारा बारांचे, म्हणजे प्रत्येकी चार मात्रांच्या बारा विभागांचे असते. त्यात तीन ओळी येतात. पहिली ओळ गाऊन तीच पुन्हा गायिली जाते व तिसरी तिला उत्तर देते. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गायिकेचा आवाज त्यांपैकी साधारण निम्मी जागा भरतो. उरलेली जागा वाद्यांची. तेथे पियानोने वा कॉर्नेटने काय म्हणावे, हे आधी ठरलेले नसते. गायिकेने आता जे म्हटले त्यालाच उत्तर द्यावयाचे असते. उत्तर लांबले तर पुढची ओळ झाकोळते. अजिबात दिले नाही तर ती एकाकी पडते. ऐकणे, थांबणे, दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या कौशल्याच्या प्रदर्शनाविना साथ देणे, ही शिस्त वादकाला रोज रात्री पाळावी लागते. शिकागोतील घरगुती मेजवान्यांमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची व पोलिसांची नजर टाळण्यासाठी डॉर्सी इतके हळू वाजवीत की, त्यांना 'कुजबुजता पियानोवादक' असे नाव पडले होते. कारण अगदी व्यावहारिक होते, यात शंका नाही. पण स्वतःला मागे ठेवण्याची सवय अनेकदा अशा व्यावहारिक कारणांनीच अंगवळणी पडते.

हीच सवय पुढे चर्चमध्ये उपयोगी पडली. १९२० च्या दशकात शिकागोतील मोठ्या कृष्णवर्णीय चर्चमधून युरोपीय धाटणीचे स्वरलेखनबद्ध धर्मसंगीत प्रतिष्ठित मानले जाई. दक्षिणेतून स्थलांतरित होऊन आलेल्या श्रमिकांचे हुंकार, टाळ्या व साद-प्रतिसाद यांना तेथे गावंढळ समजले जाई. डॉर्सी यांच्या संगीतास झालेला विरोध वरकरणी 'सैतानाच्या संगीता'ला होता. त्याच्या आड वर्गीय संकोच होता. ऑगस्ट १९३२ मध्ये ते सेंट लुईस येथे असताना पत्नी नेटी बाळंतपणात मृत्यू पावली व पाठोपाठ नवजात बालकही गेले. त्या शोकातून 'टेक माय हँड, प्रेशियस लॉर्ड' हे गीत निर्माण झाले. त्याची चाल एकोणिसाव्या शतकातील 'मेटलंड' या स्तोत्राच्या चालीवर बेतलेली आहे. नवे आहे ते तिचे वागविणे : ओळ संथ करणे, स्वर वाकविणे आणि ओळीच्या अखेरीस उत्तरासाठी जागा राखणे. पूर्वी ही जागा बँड भरीत असे. आता ती मंडळी भरू लागली.

अर्थात हा समन्वय सर्वांनाच साधला असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. मिसिसिपीचे सन हाउस तरुणपणी धर्मोपदेशक होते. १९३० साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'प्रीचिन द ब्लूज'मध्ये त्यांनी धर्मोपदेशकीचाच उपहास केला, तरीही चर्चची ओढ त्यांना सुटली नाही. कोन यांच्या एकात्मतेच्या सूत्रात हा ताण बसत नाही आणि तो बसविण्याचा अट्टाहासही करू नये. हाउस प्रामुख्याने एकट्याने गिटार घेऊन गात. उत्तर देणारे दुसरे वाद्य बहुधा सोबत नसे, हा फरक येथे केवळ आनुषंगिक मानता येणार नाही.

मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळे आहे. कोन यांचा ग्रंथ आला त्याच १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली व तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून कृष्णवर्णीय साहित्य मराठीत प्रामुख्याने विद्रोहाचा शब्द म्हणून वाचले गेले. ते वाचन आवश्यकच होते. मात्र त्यात संगीताचा, विशेषतः सामूहिक वादनाचा विचार मागे पडला.

डॉर्सी यांच्याविषयीचा सर्वांत साक्षेपी ग्रंथ मायकेल हॅरिस यांचा 'द राइज ऑफ गॉस्पेल ब्लूज' (१९९२) हा होय. त्याचा एक मोठा आधार म्हणजे डॉर्सी यांच्या वार्धक्यातील मुलाखती. चर्चमध्ये साक्ष देताना आयुष्य 'पूर्वी' व 'नंतर' असे विभागून सांगण्याचा प्रघात असतो. अनेक दशके चर्चमध्ये वावरलेल्या माणसाच्या आठवणींवर त्याचा ठसा उमटणारच. हॅरिस यांनी विश्लेषणात हा साचा बऱ्याच अंशी ओलांडला आहे. त्यांच्या आधारे लिहिणाऱ्या सुलभ चरित्रकारांनी तो पुन्हा उभा केला.

मा रेनी यांच्या वाट्याला अशी दीर्घ मुलाखत आली नाही. भव्य व्हिक्ट्रोला यंत्राच्या आतून गात गात रंगमंचावर अवतरणारी ही गायिका १९३५ च्या सुमारास जॉर्जियातील कोलंबस येथे परतली. तेव्हा ती नाट्यगृहांचा कारभार पाही, आणि भाऊ डीकन असलेल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊ लागली. १९३९ साली ती निधन पावली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यात तिचा व्यवसाय 'घरकाम' असा नोंदविला गेला. डॉर्सी यांनी जिच्या ओळींना उत्तर देता देता साथ करणे आत्मसात केले, तिच्या स्वतःच्या आध्यात्मिक जीवनाविषयी समीक्षेने अद्याप फारसे विचारलेले नाही.