दोन चित्रपट आणि एक होतकरू विद्यार्थी

रत्नागिरीहून गणपतिपुळ्यास जाणारा सागरी रस्ता आरे-वारेच्या टेकडीवर चढला, म्हणजे डोंगराच्या सोंडेने विभागलेल्या दोन लांबच लांब पुळणी प्रवाशाच्या नजरेस पडतात आणि गाडी आपोआप थांबते. जो उतरतो तो प्रथम कॅमेरा काढतो. समुद्राकडे पाहणे मागाहून होते. ज्या किनाऱ्याकडे साऱ्यांनी देखावा म्हणूनच पाहावे, त्या किनाऱ्यावर वाढलेल्या एखाद्या मुलाच्या मनात केव्हा तरी असे येते की, दुसऱ्यांनी काढलेली चित्रे पाहत बसण्याऐवजी आपणच ती का काढू नयेत? बारावीच्या निकालाच्या सुमारास तो हा विचार घरात बोलून दाखवितो. मग हापूसच्या कलमांच्या हिशेबात गढलेले वडील, शाळेत शिकविणारी आई आणि मुंबईहून सुटीवर आलेले मामा यांचे जे मंडळ भरते, त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ते भरून गेले असेल.

अशा मंडळींनी कोणाचाही सल्ला घेण्यापूर्वी दोन मराठी चित्रपट एकत्र बसून पाहावेत, असे आम्हांस वाटते. एक परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) व दुसरा अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४). दोन्ही नावाजलेले आहेत, पण त्यांची स्तुती करणे हा येथे आमचा उद्देश नव्हे. चित्रपट हा पोटाचा धंदा होऊ शकतो काय, या प्रश्नास दोघांकडून कळत नकळत काय उत्तर मिळते, ते आम्हांस पाहावयाचे आहे.

'फॅक्टरी'त दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' कसा सिद्ध केला त्याची कथा आहे. मोकाशी मुळचे रंगभूमीचे, आणि त्यांनी ती सांगितली आहे फार्साच्या अंगाने. घरातील वस्तू एकेक करून विकल्या जात आहेत, शेजारी वेडात काढीत आहेत, तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळत नाही म्हणून खाणावळीतील एका तरुणास लुगडे नेसवावे लागत आहे, आणि या साऱ्या धांदलीत नंदू माधव यांचे दादासाहेब व विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई मजेत आहेत. विपत्तीस रडे रूप न देता हसरे रूप देणे हे अवघड काम दिग्दर्शकाने सहज साधले आहे. फाळक्यांस देव्हाऱ्यात बसविण्याचा मोह त्याने आवरला, याबद्दल त्यास धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु हा हसरेपणा होतकरू विद्यार्थ्याची थोडी फसगत करतो. चित्रपट विजयाशी थांबतो. पुढे १९१८ साली निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी उडालेले खटके, बोलपट आल्यावर मागे पडलेली कला, १९३७ सालचा 'गंगावतरण' हा अखेरचा प्रयत्न आणि १९४४ साली नाशिकास विपन्नावस्थेत आलेला मृत्यू यांपैकी काहीही त्यात नाही. एका चित्रपटात सारे यावे असा आमचा आग्रह नाही, आणि कोठे थांबावे हे ठरविण्याचा कलावंताचा अधिकार आम्ही मानतो. तथापि प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाची अशी समजूत होते की, वेड पुरेसे मोठे असले म्हणजे बाकीचे आपोआप जुळते.

ते तसे नव्हते. कॅमेऱ्यास हात लावला तेव्हा फाळके चाळिशी ओलांडून गेले होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले होते, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता, छपाई व ठसे करण्याची विद्या हस्तगत केली होती आणि जादूचे प्रयोगही केले होते. म्हणजे चित्रपटास लागणाऱ्या बहुतेक कारागिऱ्या त्यांच्या बोटांत आधीच वस्तीस आलेल्या होत्या. चित्रपटाने या तयारीवरून घाईने उडी मारली आहे, आणि आमच्या मते हा त्याचा खरा दोष होय. मात्र कुंडीतील वाटाण्याचा वेल रोज थोडथोडा टिपून त्याची वाढ क्षणार्धात दाखविण्याचा जो प्रसंग आहे, त्यात ही कारागिरी एकदा तरी पुरती दिसते. भांडवलवाल्याचे मन वळले ते भाषणाने नव्हे, तर त्या वेलाने.

आणखी एका गोष्टीकडे पालकांनी लक्ष द्यावे. फिल्मच्या कडेला भोके पाडीत बसलेल्या सरस्वतीबाई! हे काम कोणाच्या टाळ्या घेत नाही, पण त्यावाचून एक चौकटही पुढे सरकत नाही. चित्रपटाचा धंदा म्हटला की आपल्याकडील घरांच्या डोळ्यांपुढे नट व दिग्दर्शक हे दोघेच उभे राहतात. ध्वनी, संकलन, प्रकाश, नेपथ्य, वेषभूषा, लेखन व निर्मितीची व्यवस्था यांवर कितीतरी कुटुंबे जगतात, हे घरच्या मंडळास कळले तर निम्मा वाद मिटेल. उरलेला निम्मा खरा आहे. या धंद्यात महिन्याचा पगार क्वचित. दूरचित्रवाणीच्या मालिकांत तर केलेल्या कामाचे पैसे तीन तीन महिन्यांनी हाती येण्याची रीत सर्वश्रुत आहे. मामांनी हा मुद्दा काढला तर त्यांस कोणी जुन्या वळणाचे म्हणू नये.

'किल्ला' हा अगदी निराळ्या जातीचा चित्रपट. वडील वारलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीबरोबर पुण्याहून कोकणात येतो, त्यास सवंगडी मिळतात, दुरावतात, पुन्हा मिळतात, आणि तोवर आईची पुढली बदली येऊन ठेपते. कथा एवढीच. परंतु यातला समुद्र गाण्यामागच्या पडद्यासारखा टांगलेला नाही. सोबत्यांनी सोडून दिलेल्या मुलाभोवती किल्ल्यावर जो पाऊस कोसळतो, तो आम्ही कोकणात अनेकदा अनुभवला आहे. पडद्यावर तो इतका खरा आजवर पाहिला नव्हता. आरे-वारेच्या टेकडीवर थांबणाऱ्या प्रवाशास समुद्र दिसतो तो पाच मिनिटांचा; येथे तो मुलाच्या एकटेपणाइतका लांब आहे. अर्चित देवधर व पार्थ भालेराव या दोघा मुलांची कामे निर्व्याज आहेत, आणि अमृता सुभाष यांनी आईचे दुःख जवळजवळ न बोलता वाहिले आहे. १९१४ नंतर बरोबर शंभर वर्षांनी बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी यास स्फटिक-अस्वलाचा मान दिला, यात आम्हांस नवल वाटत नाही. मुलांनी मुलास ओळखले.

दोष आहेत. आईच्या कचेरीतील भानगडीचा धागा अर्धवट विणून सोडला आहे, आणि काही ठिकाणी चित्र इतके देखणे होते की त्यातील मुलगा क्षणभर विसरला जातो. पण हा दोष कोठून आला ते पाहिले तर आमच्या विषयास तोच उपयोगी पडतो. अविनाश अरुण हे पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत छायालेखन शिकलेले, आणि आपल्या या पहिल्या चित्रपटाचे छायालेखनही त्यांचेच. ज्या हाताने प्रकाशाचा अभ्यास केला तोच हात कथा सांगू लागला, तेव्हा त्याच्या गुणांस व मोहांस एकच उगम असणार.

ती संस्था १९६० साली जेथे सुरू झाली ते आवार प्रभात कंपनीचे, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. प्रभातचे संस्थापक व्ही. शांताराम, दामले व फत्तेलाल हे कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून तयार झाले. तेथे परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. झाडण्यापासून रंगविण्यापर्यंत पडेल ते काम होते. त्या उमेदवारीतून १९३६ सालचा 'संत तुकाराम' निघाला. आज त्याच आवारात शिरण्यास पदवी व प्रवेशपरीक्षा लागते. दोन्ही वाटा अजून चालू आहेत. उमेश कुलकर्णी या संस्थेतून आले. चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट' केला तो कोणत्याही चित्रपटशाळेत न जाता. तिसरी वाट पैसे मोजून घेण्याची. शहरोशहरी निघालेल्या खासगी वर्गांच्या जाहिरातींत मावळत्या सूर्यापुढे उभा असलेला कॅमेरावाला हमखास असतो. तेथे काय शिकवितात याहून तेथून निघालेले लोक आज कोठे काम करतात, हे कलमे गहाण टाकण्यापूर्वी वडिलांनी विचारावे. दूरचित्रवाणीचे म्हणाल तर 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने २०१६ साली सिंधुदुर्गातील आकेरीच्या घरात ठाण मांडले, तेव्हा कोकणी माणसास कामासाठी मुंबईच गाठली पाहिजे हा नियम थोडा ढिला झाला.

पदवीची अट मुलास जाचक वाटेल, आम्हांस ती सोयीची वाटते. रत्नागिरीस गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे. तीन वर्षे घरी राहून शिकता येईल, आणि आरे-वारेचा समुद्र कोठे जाणार नाही. या तीन वर्षांत त्याने एक ध्वनिमुद्रक घेऊन दोन पुळणींचा आवाज ज्येष्ठात, भाद्रपदात व माघात वेगळा कसा होतो ते टिपून ठेवावे आणि 'किल्ला' डोळे मिटून एकदा ऐकावा. वडील कोणत्या महिन्याचा आवाज ओळखतात, हे पाहणेही मौजेचे होईल.