नव्या साधनाला गुण कसे द्यावेत?

उत्तरपत्रिका तपासताना आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी हा पेच पडला असेल. एका विद्यार्थ्याने दहापैकी सहाच प्रश्न सोडवले आहेत, पण त्यांची रीत अशी की वर्गात दुसऱ्या कोणाला सुचली नाही. शेजारच्याने दहाही प्रश्न नेहमीच्या पाठ रीतीने सोडवले आहेत. गुण कोणाला जास्त? तक्त्याप्रमाणे पाहिले तर उत्तर सोपे आहे. तरीही आपला हात क्षणभर थांबतो, कारण एकाच अंकात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबू पाहत असतो : आज काय येते आणि पुढे काय येऊ शकेल.

ऑक्टोबर २०१६ मध्ये संगीताच्या जगात हाच पेच पडला. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 'डोरिको' नावाची स्वरलेखनाची नवी आज्ञावली बाजारात आणली. (सोळाव्या शतकात रोममध्ये संगीत छापणाऱ्या वालेरियो डोरिकोचे नाव तिला दिले आहे.) तिच्याबद्दल जे लिहिले-बोलले गेले ते वाचताना मला वाटले, की यात संगीताइतकाच विज्ञानाच्या शिक्षकांनाही रस वाटावा. कारण प्रश्न मोजमापाचा आहे.

आधी ही आज्ञावली काय करते ते पाहू. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी आपल्या परिचयाची आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर किंवा खाली टिंब. पाश्चात्त्य लिपीत अक्षरांऐवजी पाच आडव्या रेघा असतात. खूण किती उंचीवर आहे त्यावरून स्वर कळतो, आणि खुणेच्या आकारावरून तो किती काळ टिकवायचा ते. हे छापणे मोठे कौशल्याचे काम. पूर्वी कारागीर मऊ धातूच्या पत्र्यावर पोलादी ठशांनी खुणा ठोकत, त्याही आरशातल्यासारख्या उलट्या. दोन खुणांमध्ये किती जागा सोडायची याचेही शास्त्र आहे. दोन मात्रांच्या खुणेला एका मात्रेच्या खुणेपेक्षा जास्त जागा देतात, पण दुप्पट देत नाहीत. दुप्पट दिली तर पान विस्कळीत दिसते, आणि सारखी दिली तर वादकाच्या डोळ्याला लय सापडत नाही.

हे काम संगणकाकडून करवणाऱ्या आज्ञावल्यांत दोन नावे आघाडीवर होती. अमेरिकेतली 'फिनाले' १९८८ सालची, आणि इंग्लंडमधल्या बेन व जोनाथन फिन या जुळ्या भावांची 'सिबेलियस' १९९३ सालची. २०१२ साली सिबेलियसच्या मालक कंपनीने लंडनचे कार्यालय बंद करायचे ठरवले. त्या चमूतल्या डॅनियल स्प्रेडबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्टाइनबर्गने बोलावून घेतले. त्यांनी जुन्या आज्ञावलीची एकही ओळ न वापरता कोऱ्या पाटीपासून काम सुरू केले. त्यातून जवळजवळ चार वर्षांनी डोरिको तयार झाली. पूर्ण किंमत होती ५७९ युरो.

आता तिच्या पहिल्या आवृत्तीत काय नव्हते ते ऐका. कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची अक्षरी चिन्हे नव्हती. जॅझ किंवा नाटकाचे संगीत लिहिणाऱ्याचे त्यांच्यावाचून पान हलत नाही. पुनरावृत्तीच्या वेळी शेवट निराळा करायचा असेल तर त्यासाठीचे कंस नव्हते. बोटांचे आकडे नव्हते. म्हणजे पियानोच्या शिक्षकाची पंचाईत. ताशा-ढोलासारख्या वाद्यांचे लेखन धडपणे होत नव्हते. यातले काही विकासकांनी लपवले नाही, हे खरे.

परीक्षणांचे साधारण दोन सूर निघाले. संगीत-तंत्रज्ञानाच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांनी पाया मजबूत असल्याचे सांगितले, पानांच्या देखणेपणाची वाखाणणी केली, आणि शेवटी 'अजून अपुरी आहे' अशी पुस्ती जोडली. वापरणाऱ्यांपैकी अनेकांचा सूर उलटा होता : अपुरी वस्तू पूर्ण किमतीला का घ्यावी? चाचणीचे काम आमच्याकडून करून घेता आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे?

पाया मजबूत म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहू. ज्याला 'बार' म्हणतात तो आपल्या तालातल्या विभागासारखा समजा. चार मात्रांचा बार आहे आणि चौथ्या मात्रेवर दोन मात्रांचा एक स्वर सुरू होतो. त्याची एक मात्रा या बारमध्ये पडते, दुसरी पुढच्या. म्हणून कागदावर एकेका मात्रेच्या दोन खुणा काढून त्या कमानीने जोडतात. ऐकणाऱ्याला स्वर एकच ऐकू येतो. आता संगीतकाराने ठरवले की बार तीन मात्रांचा हवा. तर जुनी चौथी मात्रा ही दुसऱ्या बारची पहिली मात्रा झाली. स्वर त्या बारमध्ये पुरता मावतो. दोन मात्रांची एकच खूण पुरे, कमान लागतच नाही.

ज्या आज्ञावलीने 'दोन खुणा आणि एक कमान' असे चित्र साठवले असेल, तिच्यात ती कमान आता विनाकारण मागे उरते आणि माणसाला हाताने पुसावी लागते. डोरिको चित्र साठवत नाही. 'अमुक क्षणी सुरू होणारा दोन मात्रांचा स्वर' एवढेच ती लक्षात ठेवते आणि खुणा दर वेळी नव्याने काढते. मधेच एखादा स्वर घुसवला, तर पुढचे सारे सरकून पुन्हा नीट मांडले जाते. गणिताच्या शिक्षकांना हा फरक ओळखीचा वाटेल. अर्धा ही संख्या एक आहे, ०.५ किंवा १/२ ही तिची लिहिण्याची रूपे आहेत.

हा फरक अनेक परीक्षकांनी ओळखला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण माझी त्यांच्याविषयी एक तक्रार आहे. 'पाया मजबूत आहे' हे विधान निरीक्षण नसून भाकीत आहे. प्रयोगशाळेत आम्ही निरीक्षणे एका रकान्यात लिहितो आणि अनुमाने दुसऱ्या. ज्याला येत्या शनिवारी वाद्यवृंदाच्या हातात कागद द्यायचे आहेत, त्याला भाकिताचा काही उपयोग नाही. दोन्ही रकाने मिसळून एकच शिफारस केली, की वाचकाला वाटते आज घेतली तर आज चालेल.

उलट बाजूला, वापरणाऱ्यांच्या याद्यांतही एक दोष होता. काय काय नाही ते मोजायचे आणि संख्या मोठी निघाली की साधन वाईट ठरवायचे. या रीतीने कोणतेही नवे साधन जुन्यापुढे हरणारच. फिनालेच्या गाठीशी तेव्हा २८ वर्षांची भर होती. शिवाय यादीत सगळ्या उणिवा एका मापाच्या दिसतात, आणि तशा त्या नसतात. कॉर्डची चिन्हे नसणे ही उणीव भर घालून दूर होते. स्वर चित्र म्हणून साठवणे ही उणीव भर घालून जात नाही. त्यासाठी पायाच उकरावा लागतो.

वापरणाऱ्यांची एक तक्रार मात्र वेगळ्या जातीची होती. डोरिकोत कामाचे पाच कप्पे केले होते : मांडणी, लेखन, सजावट, वादन आणि छपाई. लिहिताना एखादी खूण जरा बाजूला सरकवावीशी वाटली, तर त्यासाठी सजावटीच्या कप्प्यात जावे लागे. काहींना ही शिस्त आवडली, काहींना जाच वाटला. ही उणीव यादीत मोजून सापडणारी नव्हती. आठवडाभर काम केल्यावरच ती बोटांना कळते, आणि घाईने लिहिलेल्या परीक्षणात ती सहज निसटते.

पुढे काय झाले? जून २०१७ मध्ये १.१ ही आवृत्ती आली; तिच्यात कॉर्डची चिन्हे आणि पुनरावृत्तीचे कंस होते. त्याच वर्षी डिसेंबरात १.२ आली, तिच्यात बोटांचे आकडे होते आणि तालवाद्यांची सोय होती. दोन्ही सुधारणा आधीच्या ग्राहकांना विनामूल्य मिळाल्या. म्हणजे भाकीत खरे ठरले. मग तक्रार करणारे चुकले का? मला तसे वाटत नाही. २०१६ साली कॉर्डची चिन्हे नव्हती हे निरीक्षण २०१७ साली खोटे होत नाही. ते खरे होते आणि ज्याला चिन्हे हवी होती त्याने थांबणे शहाणपणाचे होते.

चांगली टीका कशी असते याचा एक नमुनाही याच क्षेत्रात सापडतो. 'म्यूझस्कोर' ही विनामूल्य आणि मुक्त आज्ञावली. मार्टिन केअरी या संगीतकार-आरेखकाने २०१९ साली एका चित्रफितीत तिची चांगलीच हजेरी घेतली. पण त्याची रीत पाहण्याजोगी होती. 'मला जमले नाही' एवढ्यावर तो थांबला नाही. एकेक साधे काम घेऊन ते करताना माणूस कोठे अडतो हे त्याने पायरीपायरीने पडद्यावर दाखवले. पाहणाऱ्याला तोच प्रयोग स्वतः करून पाहता येत होता. परिणाम असा, की म्यूझस्कोरने त्यालाच आरेखनाच्या कामावर घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने रचलेली चौथी आवृत्ती निघाली. तिच्यातही जुन्या आवृत्तीतल्या काही सोयी सुरुवातीला नव्हत्या, आणि वापरणाऱ्यांनी तेही लगेच सांगितले.

इथवर दोन रकाने झाले. तिसरा रकाना लोकांना कळला तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी. त्या दिवशी फिनालेच्या मालक कंपनीने जाहीर केले, की आता तिचा विकास थांबला. ग्राहकांना तिने डोरिकोकडे वळण्याचा सल्ला दिला. वर्षभरानंतर नव्या संगणकावर फिनालेची नोंदणी होणार नाही, असेही आधी म्हटले होते. ओरड झाल्यावर ती अट मागे घेतली. पण प्रश्न उरलाच. ज्या शिक्षकांनी आणि संगीतकारांनी तीस-पस्तीस वर्षे आपले काम फिनालेत लिहून ठेवले, त्यांनी ते बाहेर कसे काढायचे?

वाट होती, आणि तिचे नाव 'म्यूझिक एक्सएमएल'. मायकेल गुड यांनी आखलेली ही लेखनपद्धती कोणत्याही एका आज्ञावलीची नाही. जवळजवळ सगळ्या तिच्यात लिहू आणि वाचू शकतात. २०१५ सालापासून तिची देखरेख जागतिक वेब संघाच्या एका खुल्या गटाकडे आहे. स्वर, कालमान, गीताचे शब्द यांची तिच्यातून बरीच चांगली ने-आण होते. पानावर हाताने केलेली बारीक सजावट मात्र पुष्कळदा वाटेत गळते. 'येथे लिहिलेले उद्या दुसरीकडे नेता येईल का?' हा प्रश्न प्रकाशनाच्या दिवशी कोणालाच निकडीचा वाटत नाही. साधन नवे असते, मालक उत्साही असतो. त्याची निकड कळते ती दुकान बंद होताना.

भातखंड्यांनी मूळ मराठीत लिहिलेल्या क्रमिक पुस्तकांतल्या चिजा आजही कोणीही उघडून वाचू शकतो. त्यासाठी कोणा कंपनीची परवानगी लागत नाही. संगणकाने लेखन सोपे केले, पण कागदाजवळ असलेला हा गुण त्याच्याजवळ आपोआप येत नाही. तो मागून घ्यावा लागतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. शाळेत नवी आज्ञावली किंवा नवे उपकरण आले, की वरच्या वर्गातल्या मुलांना त्याचे परीक्षण लिहायला सांगा. वहीच्या पानावर तीन रकाने आखू द्या. पहिल्यात आज प्रत्यक्ष करून पाहिलेले. दुसऱ्यात रचनेवरून बांधलेला अंदाज आणि त्याचे कारण. तिसऱ्यात हे साधन उद्या बंद पडले तर आपले काम कोठे जाईल, याचे उत्तर. बेरीज करायला सांगू नका. तिन्ही रकाने भरलेले पान हेच परीक्षण.