अजिंठ्याच्या भिंतीवरची इटालियन लाख

धाडच्या माणसाला अजिंठा एका दिवसात पाहून परत येता येतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र मधे राज्याची हद्द होती. धाड इंग्रजांच्या वऱ्हाडात, लेणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात संस्थानाने चित्रं वाचवण्यासाठी थेट इटलीहून दोघे बोलावले: लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी इथे काम केलं.

चेक्कोनीने अजिंठ्यात स्वतःचं एकही चित्र काढलं नाही. तरीही त्याच्या हाताकडे समीक्षकाच्या नजरेने बघायला हवं, कारण पुढे कित्येक वर्षं आपण अजिंठा त्या हाताखालूनच पाहिला. त्याने सुटत चाललेला गिलावा भिंतीला पक्का केला आणि रंगांवर लाखेचं पाणी फिरवलं. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच लाख. सुरुवातीला रंग खुलले. मग लाख पिवळी पडली, तिच्यावर धूळ बसली, निळे-हिरवे रंग मळकट दिसू लागले. याझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ दरम्यान आले, म्हणजे लाख लागल्यानंतर. अजिंठ्याचा म्हणून आपल्या डोळ्यांत बसलेला तो तपकिरी-सोनेरी रंग थोडा लाखेचाही आहे.

म्हणून चेक्कोनीला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. व्हार्निश लावणारा तो पहिला नव्हता. नकला काढताना जॉन ग्रिफिथ्सनेही ते लावलं होतं. त्याच्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. रॉबर्ट गिलच्या त्याआधीच, १८६६ मध्ये, क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. ते दोघे अजिंठा कॅनव्हासवर उतरवून बाहेर नेत होते. चेक्कोनी मूळ भिंत जागेवर टिकवायला आला. त्याने धरून ठेवलेला गिलावा गळून पडला असता, तर आज लाख काढायला खाली चित्रच उरलं नसतं.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ गेली काही दशकं तो थर जपून काढत आहेत. दहाव्या लेण्यातली काही चित्रं त्यातूनच पुन्हा दिसू लागली. चेक्कोनीची चूक त्यांना काढता येते, कारण त्याची दुरुस्ती टिकली. त्याच्या कामाचा निकाल देताना या दोन्ही गोष्टी एकत्रच मोजाव्या लागतील.